साडेतीन वर्षं स्वस्त लॅपटॉप, आता दीड वर्ष महाग लॅपटॉप: दोन्ही वापरून झालेलं मत

लॅपटॉप घ्यायचाय, स्वस्तातला घेऊ की जरा जास्त पैसे टाकून भारीतला घेऊ, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारलाय की आता सगळं एकदाच नीट लिहून टाकते. माझे दोन्ही प्रकार वापरून झालेत आणि तेही आठ-पंधरा दिवस नाही, चांगली काही वर्षं. पहिला स्वस्तातला, २०२१ च्या सुरुवातीला घेतलेला, साडेतीन वर्षं रोज वापरला. दुसरा त्याच्या जवळपास अडीचपट किमतीचा, तो आता दीड वर्ष वापरतेय. जुना विकला नाही, धाकट्या बहिणीला दिला, तिचं कॉलेज त्याच्यावर चाललंय, त्यामुळे दोन्ही मशीन अजून घरातच आहेत आणि आजही शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. माझं काम म्हणजे भाषांतर आणि लिखाण, दिवसाचे सात-आठ तास, त्यात ब्राउझरच्या पंचवीस-तीस टॅब उघड्या, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग, आणि पुस्तिका-पत्रकांसाठी थोडं फोटो एडिटिंग आणि लेआउट. गेम खेळत नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाहीये कारण मला जे त्रास झाले ते त्या किमतीच्या बऱ्याच मशीनमध्ये होतात, एकाच कंपनीवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

स्वस्तातला होता १५.६ इंची, अकराव्या जनरेशनचा इंटेल आय३ प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चार थ्रेडवाला, ८ जीबी रॅम (४ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली आणि ४ जीबी स्लॉटमध्ये), २५६ जीबी एसएसडी, ४२ वॉट-अवरची बॅटरी (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), बॉडी पूर्ण प्लास्टिक. नवीन आहे तो १४ इंची, कोअर अल्ट्रा ५, १६ जीबी रॅम सगळी सोल्डर केलेली, ५१२ जीबी एसएसडी, ५७ वॉट-अवर बॅटरी, धातूची बॉडी, वजन सव्वा किलोच्या आसपास.

आता सगळे जण पहिला प्रश्न स्पीडचा विचारतात म्हणून तेच आधी घेते. नवीन मशीन किती फास्ट आहे? लिखाणात, मेलमध्ये, ब्राउझरमध्ये, पीडीएफ वाचण्यात फरक आहे पण इतका कमी की दोन दिवसांत तो जाणवेनासा होतो. जुना चालू व्हायला चौदा-पंधरा सेकंद घ्यायचा, नवीन नऊ सेकंदात होतो. या पाच सेकंदांसाठी कोणी अडीचपट पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जुना अडकायचा तो प्रोसेसरमुळे नाही, रॅममुळे. ८ जीबीमध्ये विंडोज स्वतःच निम्मी रॅम खाऊन बसतं, वर तीस टॅब आणि मीटिंग चालू केली की उरलेली माहिती एसएसडीवर टाकायला लागतं आणि मग माउसचा बाणसुद्धा थांबत थांबत सरकतो. तिसऱ्या वर्षी मी स्लॉटमधली ४ जीबीची काडी काढून ८ जीबीची टाकली, एकूण १२ झाली, आणि मशीन एकदम बदलल्यासारखं वाटलं. तळाचे दहा स्क्रू, कव्हर उचलायला एक पातळ प्लास्टिकची पट्टी, वीस मिनिटांचं काम. बहीण आजही तेच वापरतेय आणि अडकतो म्हणून तिची एकही तक्रार नाही.

म्हणजे स्पीडचा मुद्दा स्वस्त विरुद्ध महाग असा नाहीच, तो ८ जीबी विरुद्ध १६ जीबी आणि साधी स्टोरेज विरुद्ध एसएसडी असा आहे. फार स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज असते, ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. ईएमएमसी म्हणजे जवळपास मोबाइलच्या मेमरीसारखी बोर्डवर चिकटवलेली चिप, सगळ्यात चांगली असली तरी सेकंदाला ४०० एमबीच्या खालीच राहते, त्याच जागी साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते आणि एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे. वर विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी स्टोरेजची आहे, मग तुमच्या फायली ठेवणार कुठे आणि अपडेट आलं की ते उतरवणार कुठे. असं मशीन वर्षभरात रडवतं.

प्रोसेसरच्या नावांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं कारण तिथे ग्राहकाची खरोखर फसगत होते. उदाहरण घ्या, एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. वाचताना वाटतं दहाचाच तर फरक आहे, जो स्वस्त मिळेल तो घेऊ. पण त्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आतली रचना कुठली ते सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली, आणि त्यात कोअर चार. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३ आणि कोअर सहा. आणि ७५४०यू म्हणजे झेन ४, पुन्हा वेगळंच मशीन. तिघांवर स्टिकर रायझन ५ चाच! इंटेलकडे वेगळा गोंधळ आहे, सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं लॅपटॉपमधून काढून २०२३ पासून नुसतं 'इंटेल प्रोसेसर' असं लिहायला लागले, त्यातला एन१०० हा चार छोट्या कोअरचा ६ वॉटचा प्रोसेसर, एखादी टॅब उघडून व्हिडिओ बघायला, अभ्यासाला, मेलला ठीक, पण नाव ऐकून मोठा प्रोसेसर समजू नये. आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर लिहिलेले असतात आणि आठही छोटेच असतात, वर या एन घराण्याला मेमरीचं एकच चॅनल, म्हणजे रॅमशी बोलायचा एकच रस्ता मिळतो. मला हे सगळं २०२१ मध्ये माहीत नव्हतं, दुकानात सांगितलं ते ऐकलं आणि घेतलं. आता कोणासाठीही मशीन बघायचं असेल तर पूर्ण नंबर लिहून घेते, शेवटच्या अक्षरासकट, यू असेल तर बॅटरी जपणारा आणि एच असेल तर जास्त ताकदीचा पण जास्त तापणारा, आणि मगच किमतीकडे बघते.

बरं, मग अडीचपट पैसे दिले कशाला? स्क्रीनसाठी. हे मी आता पूर्ण खात्रीने सांगू शकते की स्वस्त आणि महाग लॅपटॉपमधला सगळ्यात मोठा फरक स्क्रीनमध्ये असतो आणि दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं ते स्क्रीनबद्दलच. माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'फुल एचडी' असं लिहिलं होतं, ते खरंच होतं, पण फुल एचडी म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. ठिपके किती उजेड देतात आणि किती रंग दाखवू शकतात ते दुसऱ्याच आकड्यांत असतं. जुन्या पॅनलची ब्राइटनेस २२० निट (निट म्हणजे उजेडाचं माप), नवीन ४०० निट. जुना रंगांत ४५ टक्के एनटीएससी, नवीन १०० टक्के एसआरजीबी. ही दोन वेगवेगळी मापं आहेत त्यामुळे थेट तुलना करता येत नाही, पण ४५ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण ६२ ते ६५ टक्के एसआरजीबी एवढं धरून चाला, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त रंग त्या स्क्रीनला दाखवताच येत नाहीत.

याचा फटका मला कसा बसला ते सांगते. एका संस्थेच्या वार्षिक पत्रकाचे फोटो मी त्या जुन्या स्क्रीनवर नीट केले. मला सगळे फोटो फिके, लाल रंग नारिंगीकडे झुकलेला असे दिसत होते, म्हणून मी रंग थोडे चढवले, मग अजून थोडे चढवले, माणसांचे चेहरे मला छान दिसेपर्यंत. छापून आलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे तांबडे. फोटो मुळात चांगले होते, फिका होता तो माझा स्क्रीन, आणि मी स्क्रीनचा दोष फोटोमध्ये भरत बसले. लोकांनी विश्वासाने काम दिलेलं असतं, ते असं बिघडलं याचं मला आजही वाईट वाटतं. वर ते पॅनल टीएन प्रकारचं होतं, म्हणजे डोकं जरा वरखाली झालं की रंग बदलायचे, एकच फोटो पाठ टेकून बसल्यावर वेगळा आणि पुढे वाकल्यावर वेगळा. ज्याला रंगांशी काम करायचंय, फोटो असो व्हिडिओ असो डिझाइन असो, त्याने टीएन आणि ४५ टक्के एनटीएससी या दोन शब्दांपासून लांब राहावं. कंपनीच्या पानावर पॅनलचा प्रकार लिहिलेलाच नसेल तर तो चांगला नाही असं समजायला हरकत नाही, कारण चांगला असता तर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिला असता.

नुसतं लिखाण करणाऱ्यालाही हा फरक कळतो, विशेषतः देवनागरीत. इंग्रजी अक्षरं तशी सुटसुटीत, देवनागरीत रेघेच्या वर रफार, अनुस्वार, चंद्रबिंदू आणि खाली उकार, रुकार, जोडाक्षरं एकात एक गुंतलेली. १५.६ इंची स्क्रीनवर १३६६ बाय ७६८ असेल तर इंचाला फक्त १०० ठिपके पडतात, त्यात 'र्व' वरचा रफार आणि 'र्वं' मधला अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात आणि प्रूफ तपासताना चूक डोळ्यांदेखत निसटते. त्याच आकारात फुल एचडीला १४१ ठिपके, आणि माझ्या आताच्या १४ इंची १९२० बाय १२०० वर १६२. शिवाय हा १६:१० आहे, रुंदी तीच पण उंचीला ठिपक्यांच्या १२० ओळी जास्त, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात, भाषांतरात वर मूळ आणि खाली अनुवाद ठेवते तेव्हा त्या चार ओळी फार उपयोगी पडतात. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे ते जवळपास थांबलं. माझ्यासाठी या एका गोष्टीने पैसे वसूल झाले.

ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या स्क्रीनचा पर्यायही होता त्याच मॉडेलमध्ये, अजून थोडे पैसे देऊन. बघायला अप्रतिम, काळा म्हणजे खरंच काळा. पण मी मैत्रिणीचा ओएलईडी लॅपटॉप दोन रात्री वापरून बघितला आणि ब्राइटनेस कमी केल्यावर माझं डोकं दुखायला लागलं. बऱ्याच ओएलईडी पॅनलमध्ये ब्राइटनेस कमी करायला पिक्सेल वेगाने चालू-बंद करतात, पीडब्ल्यूएम म्हणतात त्याला, सगळ्यांना त्रास होत नाही, काहींना होतो. म्हणून मी आयपीएस घेतला, म्हणजे टीएनसारखे डोकं हललं की रंग न बदलणारा पॅनल. सिनेमे बघायला, फोटो बघायला ओएलईडी घ्या, पण रोज आठ तास पांढऱ्या पानावर अक्षरं बघायची असतील तर आधी संध्याकाळच्या उजेडात, कमी ब्राइटनेसवर तासभर बसून बघा.

आता बिजागरी. माझ्या जुन्या लॅपटॉपची डावी बिजागरी दोन वर्षं दोन महिन्यांनी तुटली, वॉरंटी एक वर्षाची होती. खरं तर बिजागरी तुटलीच नाही, ती लोखंडाची असते, घट्ट असते. ती ज्या छोट्या पितळी नटांमध्ये स्क्रूने बसवलेली असते ते नट प्लास्टिकमध्ये गरम करून दाबलेले असतात, आणि रोज उघडझाप करून करून ते प्लास्टिकमधून उखडून बाहेर आले. मग झाकण उघडलं की स्क्रीन वर येण्याऐवजी कोपऱ्यातून बॉडीच फाकायला लागली, कट् असा आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरने सांगितलं नट वेगळे मिळत नाहीत, पूर्ण वरचं कव्हर बदलावं लागेल, पार्ट यायला तीन आठवडे. तीन आठवडे मी तो अर्धवट उघडा, मागे पुस्तकांचा टेकू देऊन वापरला. स्वस्त लॅपटॉप वापरणाऱ्या पाच जणांना विचारा, त्यातल्या एक-दोघांची तरी हीच कथा निघते. यात वापरणाऱ्याची चूक क्वचितच असते, पण एक काळजी घेता येते, झाकण कोपऱ्याला धरून कधी उघडू नका, मधोमध धरून सावकाश उघडा, आणि बिजागरी फार घट्ट वाटत असेल तर वॉरंटीत असतानाच दाखवून स्क्रू थोडे सैल करून घ्या. बहिणीला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. "ताई, मी लॅपटॉप उघडतेय, तिजोरी नाही," म्हणाली, पण उघडते मधोमध धरूनच.

नवीनची बिजागरी धातूच्या फ्रेममध्ये स्क्रू केलेली आहे. एका बोटाने झाकण उघडतं आणि खालचा भाग टेबलावरून उचलला जात नाही. हे एका बोटाने उघडणं दुकानात करून बघा, बिजागरी आणि वजनाचा तोल दोन्ही किती विचार करून बसवलेत ते लगेच समजतं.

कीबोर्डचंही तसंच. जुन्याचा मधला भाग दाबला की खाली वाकायचा, 'ग' 'ह' च्या आसपास जोरात टाइप केलं की सगळी पट्टी हलायची. दिवसाला दोन-अडीच हजार शब्द टाइप करणाऱ्या माणसाच्या बोटांना हे जाणवतं. नवीनवर माझी चूक कमी होते, हे मोजलेलं नाही पण प्रूफ करताना दिसतं. मात्र महाग म्हणजे कीबोर्ड चांगलाच असेल असं अजिबात धरून चालू नका, अ‍ॅपलसारख्या कंपनीने २०१५ पासून २०१९ पर्यंत मॅकबुकमध्ये जो पातळ बटरफ्लाय कीबोर्ड दिला त्यात धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचं किंवा एक अक्षर दोनदा पडायचं, शेवटी २०१८ मध्ये त्यांना मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि नंतर तो प्रकारच सोडून द्यावा लागला. तेव्हा ते जगातले सगळ्यात महागड्यांपैकी लॅपटॉप होते. म्हणून किंमत बघून नाही, बोटं ठेवून ठरवा, दुकानात उभं राहून एक पूर्ण परिच्छेद टाइप करा, कोणी काही म्हणत नाही.

बॅटरीत फरक मोठा आहे. जुना नवा असताना साडेचार तास चालायचा, आता पावणेतीन. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात, जुन्याची ४२ वॉट-अवरची २७ झालीय. नवीन माझ्या वापरात नऊ तासांच्या आसपास जातो आणि दीड वर्षात ५७ वरून ५३ वर आलाय, मी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लावून ठेवते त्याचाही उपयोग झाला असणार. कंपन्या जे तास सांगतात ते कमी ब्राइटनेसवर व्हिडिओ लावून मोजलेले असतात, तुम्ही वॉट-अवर बघा, तो आकडा खोटं बोलत नाही. साधं लिखाण-ब्राउझिंग करताना मशीन ६ ते १० वॉट खातं, भागाकार करा, खरे तास समोर येतात. या बाबतीत मॅकबुक एअर खूप पुढे आहे हे मान्य करायला पाहिजे, नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला तेव्हापासून कमी विजेत जास्त काम हे गणित त्यांनी बदललं, आणि त्यात पंखाही नाही. पण पंखा नाही म्हणजे लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की तापून वेग कमी करणार, तेही लक्षात असू द्या.

आणि चार्जर! जुन्याचा गोल पिनचा चार्जर, तो घरी राहिला की दिवस गेला. नवीन टाइप-सीवर चार्ज होतो, फोनच्या जास्त वॉटच्या चार्जरवरही सावकाश का होईना होतो. हल्ली स्वस्तातही टाइप-सी चार्जिंग मिळायला लागलंय, तेवढं विचारून घ्या. टाइप-सी पोर्ट दिसतो म्हणजे त्यातून चार्ज होतंच असं नाही, काहींत तो फक्त डेटासाठी असतो.

कॅमेरा, माइक, स्पीकर यात महागडा पुढे आहे, ७२० पी विरुद्ध १०८० पी, पण हेडफोन लावला की निम्मा फरक मिटतो, त्यासाठी पैसे घालू नका. तसंच एआय लॅपटॉप, एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर), ४० टॉप्स (त्याच्या वेगाचं माप) वगैरे स्टिकर दिसतात सध्या, माझ्या कामात त्याचा अजून तरी काही उपयोग झालेला नाही. त्यातून एक बरं झालं की मायक्रोसॉफ्टने अशा एआय लॅपटॉपच्या, कोपायलट प्लस नावाच्या वर्गासाठी किमान १६ जीबी रॅमची अट घातली आणि अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, म्हणजे भारीतल्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी देऊन गप्प बसवणं बरंच कमी झालं.

आता महागड्याच्या तक्रारी, कारण आहेत. सगळ्यात मोठी, रॅम सोल्डर केलेली. १६ घेतली तर जन्मभर १६, जुन्यासारखी काडी बदलून मशीन ताजं करायची सोय नाही. म्हणून असा लॅपटॉप घेताना आज लागते त्यापेक्षा एक पायरी वर घ्यावी लागते, आणि कंपन्या त्या एका पायरीचे पैसे बाहेर सुट्या मिळणाऱ्या रॅमच्या मानाने खूप जास्त लावतात. पाणी सांडलं, बोर्ड गेला, तर प्रोसेसर रॅम सगळं एकत्र गेलं, आणि मॅकबुकमध्ये तर स्टोरेजही बोर्डवरच, म्हणजे डेटाही गेला. जुन्याचा बोर्ड गेला असता तरी एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावता आली असती. पोर्टही कमी, तीन टाइप-सी आणि एक एचडीएमआय, साधा पेन ड्राइव्ह लावायला वेगळा अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो. पातळ बॉडीमुळे मोठं काम लावलं की मांडीवर चटका बसेल इतका तापतो, धातू असल्याने जास्तच.

आणि एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, की महाग लॅपटॉप जास्त वर्षं टिकतो म्हणून शेवटी स्वस्तच पडतो. मी हिशोब करून बघितला, मला ते पटत नाही. माझा जुना माझ्याकडे साडेतीन वर्षं होता. नवीन अडीचपट किमतीचा, म्हणजे बरोबरी व्हायला तो पावणेनऊ वर्षं चालायला हवा. जुन्याचं कव्हर, रॅमची काडी, एक बॅटरी हे धरलं तरी सात वर्षं तरी हवीत, आणि त्या काळात महागड्यात एकही मोठी दुरुस्ती निघता कामा नये. शिवाय जुना साडेतीन वर्षांनी मेला नाहीये, बहिणीकडे चालतोच आहे. तेव्हा महाग घेऊन पैसे वाचतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पैसे वाचत नाहीत. डोळे, मनगटं, खांदा आणि चिडचिड वाचते, आणि ती रोज किती तास वाचते यावर सगळं अवलंबून आहे. मी रोज सात-आठ तास समोर असते आणि पोट त्यावर आहे, म्हणून मला जास्त पैसे दिल्याचा एका दिवसासाठीही पश्चात्ताप नाही. बहीण दिवसाला दोन तास बसते, असाइनमेंट, नोट्स, लेक्चरचे व्हिडिओ, तिला माझ्यासारखा घेऊन देणं म्हणजे पैसे उगाच अडकवणं झालं असतं आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. घरात मेल, बँक, फॉर्म, फोटो साठवणं एवढंच असेल तर १६ जीबी रॅम, एसएसडी आणि आयपीएस फुल एचडी स्क्रीन या तीन गोष्टी असलेला साधा लॅपटॉप घ्या आणि निश्चिंत राहा. बजेट फारच आवळलं असेल आणि ८ जीबीचाच परवडत असेल तर रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे ना एवढं नक्की बघा, रॅम नंतर टाकता येते, एसएसडी नंतर मोठी करता येते, बॅटरी बदलता येते, पण स्क्रीन, कीबोर्ड आणि बॉडी तुम्ही पहिल्या दिवशी जी घेतली तीच बहुतेक वेळा शेवटपर्यंत राहते. मी आता मशीन बघते ती याच क्रमाने.

तिसरा रस्ता आहे आणि तो लोकांना फारसा सुचत नाही, कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून सोडलेले बिझनेस लॅपटॉप, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या घराण्यातले, रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त-साफ करून विकतात ते. नवीन असताना हे महागच असतात, बॉडी बिजागरी कीबोर्ड त्याच दर्जाचे, आणि जुन्या झालेल्यांची किंमत स्वस्त नव्या लॅपटॉपइतकी किंवा त्याहून कमी. माझ्या एका सहकाऱ्याकडे असा थिंकपॅड आहे, त्याच्या कीबोर्डपुढे माझा नवा लॅपटॉपही फिका आहे. पण डोळे उघडे ठेवून घ्यायला लागतो. इंटेल असेल तर आठव्या जनरेशनच्या खालचा घेऊ नका कारण विंडोज ११ अधिकृतपणे त्याखाली चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी रिपोर्ट समोर काढून मागा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, आणि जुन्या कंपनीचं रिमोट लॉक काढलेलं आहे ना हे पैसे देण्याआधी चालू करून बघा, नंतर ते निघत नाही. स्क्रीनही बघा, कारण बिझनेस सिरीजमध्येही स्वस्तातलं फिकं पॅनल टाकलेली मशीन भरपूर असतात.

गेमिंग लॅपटॉपबद्दल थोडक्यात, कारण त्याच पैशात तो मिळतो आणि मोह होतो. लिखाणासाठी घेऊ नका, जड असतो, पंखा ओरडतो, बॅटरी टिकत नाही. गेमसाठी किंवा थ्रीडी, व्हिडिओसाठी घेत असाल तर ग्राफिक्स कार्डचं नुसतं नाव बघू नका, वॉट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशावरही चालवलेलं असू शकतं, नाव सगळीकडे तेच.

दुकानात गेलात की अजून एक गोष्ट नक्की करा, मॉडेलचं नाव नाही तर डब्यावरचा पूर्ण मॉडेल कोड लिहून घ्या. एकाच नावाखाली चार-पाच प्रकार विकतात, एकात आयपीएस एकात टीएन, एकात स्लॉट एकात सोल्डर, आणि डिस्प्लेला ठेवलेला तुकडा बहुतेक वेळा चांगल्यातला असतो. कोड घरी जाऊन कंपनीच्या पानावर तपासायचा, निट किती, एसआरजीबी की एनटीएससी, रॅमचे स्लॉट किती, वॉट-अवर किती. अर्धा तास लागतो. मी जुना घेताना हा अर्धा तास दिला असता तर त्याच पैशात आयपीएस पॅनलवाला प्रकार मिळत होता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

सध्या बहिणीच्या मशीनला नवी बॅटरी मागवलीय, तळाचं कव्हर उघडलं की आत चार स्क्रूंचं काम आहे, रविवारी दोघी बसून बदलणार आहोत. स्क्रीनचा पॅनलही बदलून आयपीएस लावता येतो, त्याला तीस पिनची केबल असेल तर तीस पिनचाच पॅनल लागतो, तो मिळाला आणि नीट बसला तर इथेच खाली लिहीन.